डेंग्यूचं कॉम्बो कार्ड कोकणात कितपत चालतं?

पाऊस उघडीप देऊ लागला आणि गणपतीला आलेले चाकरमानी परतले, की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या लहान लॅबमध्ये एक वस्तू भराभर संपते: डेंग्यूचं कॉम्बो कार्ड. तळहातावर मावणारं पांढरं प्लास्टिक, त्यात शेजारीशेजारी दोन खिडक्या. एका खिडकीत एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन, दुसरीत आयजीएम आणि आयजीजी ही शरीराने बनवलेली प्रतिपिंडं. वीस मिनिटांत उत्तर मिळतं, मोठं यंत्र लागत नाही आणि लाइट गेली तरी काम अडत नाही. बाजारात अशी कार्डं अनेक कंपन्यांची मिळतात. रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या प्रकारच्या कार्डाचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. कार्ड घेण्यासारखं आहे. तालुक्याच्या ठिकाणी आणि बंदरावरच्या दवाखान्यात याला आज तोड नाही. पण ताप येऊन कितवा दिवस आहे हे न विचारता ते वापरलं तर ते फसवतं. आणि त्यावरची जी रेघ सगळ्यात कमी लोक वाचतात, ती आयजीजीची, ती आपल्याकडे सगळ्यात मोलाची आहे. रिपोर्टवर ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढंच लिहून कागद हातात देणं म्हणजे विकत घेतलेल्या कार्डाचा निम्मा भाग टाकून देणं.

कार्ड नेमकं काय बघतं

हे समजायला डास चावल्यापासून शरीरात काय चालतं ते पाहावं लागतं. एडिस जातीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. घरातल्या फ्रिजच्या ट्रेमध्ये तो वाढतो, तसाच परसातल्या करवंटीत, पोफळीच्या गळलेल्या विरीत आणि शाकारून ठेवलेल्या होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातही वाढतो. डासाच्या लाळेतून विषाणू कातडीत उतरतो आणि तिथे पहाऱ्यावर असलेल्या डेंड्रिटिक पेशींमध्येच शिरतो. या पेशींचं काम परक्याला पकडून जवळच्या लसीकाग्रंथीत नेऊन दाखवायचं. डेंग्यूचा विषाणू नेमका त्यांच्याच खांद्यावर बसून ग्रंथीपर्यंत पोचतो, तिथून रक्तात उतरतो. चावल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा ४ ते १० दिवस जातात. या काळात माणूस धडधाकट दिसतो आणि कार्डावर काहीही उमटत नाही.

पेशीला आत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडला की ती इंटरफेरॉन सोडते. इंटरफेरॉन म्हणजे शेजारच्या पेशींना दिलेली हाक: दारं लावा, विषाणूची नक्कल होऊ देऊ नका. त्याच्या जोडीला इतर दाहक द्रव्यं रक्तात येतात आणि ताप चढतो, अंग मोडून येतं, डोळ्यांच्या खोबणीमागे दुखतं. हा त्रास बराचसा शरीराच्या स्वतःच्या लढाईचा असतो. विषाणूही स्वस्थ बसत नाही. त्याचं एनएस-५ नावाचं प्रथिन पेशीतलं स्टॅट-२ नष्ट करवतं. स्टॅट-२ हा इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत नेणारा दुवा. तो तुटला की हाक ऐकू येते, पण दार लागत नाही. त्यामुळे पहिल्या दोनतीन दिवसांत विषाणू रक्तात प्रचंड वाढतो.

बाधित पेशी आणखी एक प्रथिन मोठ्या प्रमाणावर रक्तात सोडत राहते, ते एनएस-१. कार्डाची पहिली खिडकी हेच शोधते. म्हणजे ही खिडकी शरीराचा प्रतिसाद दाखवत नाही, शत्रूने मागे टाकलेला माल दाखवते. तापाच्या पहिल्या दिवसापासून ही रेघ उमटू शकते आणि पहिले तीन दिवस तिचा जोर सर्वांत जास्त असतो. पाचव्या दिवसानंतर ती फिकी पडत जाते. काही रुग्णांत नवव्या दिवसापर्यंतही दिसते, पण त्यावर विसंबू नये.

दुसरी खिडकी शरीराकडे बघते. लसीकाग्रंथीतल्या बी-पेशी विषाणूवर चिकटणारी प्रतिपिंडं तयार करायला लागतात. पहिल्यांदा येतात ती आयजीएम. पाच जोड्या एकत्र बांधलेला हा मोठा रेणू घाईघाईने बनवलेला असतो. तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सुमारे निम्म्या रुग्णांत आयजीएम सापडतं, पाचवा दिवस संपेपर्यंत ८० टक्क्यांत आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्यांत. दोन आठवड्यांच्या आसपास ते शिखरावर असतं आणि दोनतीन महिन्यांत ओसरतं.

आयजीजी हे नंतरचं, जास्त नेमकं आणि टिकाऊ हत्यार. पहिल्यांदाच डेंग्यू झाला असेल तर ते पहिल्या आठवड्याच्या शेवटी थोडं दिसू लागतं आणि हळूहळू वाढतं. आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर आठवण ठेवणाऱ्या बी-पेशी तयारच असतात. मग तापाच्या पहिल्याच दिवसांत आयजीजी झपाट्याने चढतं आणि आयजीएम मात्र कमी राहतं, कधीकधी कार्डावर उमटतच नाही.

तीन रेघा एकत्र वाचायच्या

आता कार्ड समोर ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त एनएस-१ उमटली, बाकी कोरं: नुकताच सुरू झालेला डेंग्यू, बहुधा पहिलाच. पाचव्या-सहाव्या दिवशी एनएस-१ आणि आयजीएम दोन्ही: डेंग्यूच, आणि शरीर कामाला लागलंय. सातव्या दिवशी फक्त आयजीएम: अलीकडचा डेंग्यू. हा आत्ताच्या तापाचा असेल किंवा दीड महिन्यापूर्वीच्या विसरलेल्या तापाचा, म्हणून मागच्या दोनतीन महिन्यांत ताप येऊन गेला का ते विचारायचं. फक्त आयजीजी, आणि तीही सातव्या-आठव्या दिवशी फिकी: जुन्या डेंग्यूची खूण असू शकते, आजचा ताप वेगळ्या कशाचा असेल.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयजीजीची ठळक रेघ, सोबत एनएस-१ असो वा नसो: इथे थांबून नीट बघायचं. हा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू असण्याची शक्यता मोठी.

याच ठिकाणी एनएस-१ची खिडकी दगा देते. जुन्या डेंग्यूची प्रतिपिंडं रक्तात आधीच असतात, ती एनएस-१ला चिकटून गुंडाळून टाकतात आणि पट्टीवरच्या प्रतिपिंडांना पकडायला जागाच उरत नाही. पहिल्या डेंग्यूत तापाच्या काळात एनएस-१ चाचणी ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण पकडू शकते, दुसऱ्या डेंग्यूत हे प्रमाण ६० ते ८० टक्क्यांवर येतं. ज्याला धोका जास्त, त्याच्याच बाबतीत पहिली खिडकी जास्त चुकते. म्हणून फक्त एनएस-१चं स्वस्त कार्ड आणि कॉम्बो कार्ड यांत निवड करायची असेल तर कॉम्बोच घ्या, वाचलेले पैसे इथे महाग पडतात. काही कंपन्या आयजीजीच्या पट्टीची मर्यादा मुद्दाम वर ठेवतात, म्हणजे जुनी थोडी आयजीजी उमटत नाही आणि दुसऱ्या संसर्गातली चढलेली आयजीजीच दिसते. आपल्या कार्डात तसं आहे का, हे पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं. हा कागद वाचल्याशिवाय आयजीजीबद्दल रुग्णाला काही सांगू नये.

दुसऱ्यांदा धोका जास्त का, हे रुग्णाच्या घरच्यांना सांगावं लागतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि भारतात चारही फिरतात. एक प्रकार होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांविरुद्ध मात्र काही महिन्यांपुरतंच. नंतर दुसरा प्रकार अंगात शिरला तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंडाची दुसरी टोकं पकडायला मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींवर खास कड्या असतात. अर्धवट चिकटलेल्या प्रतिपिंडासकट विषाणू त्या कडीतून पेशीच्या आत ओढला जातो. विषाणूला स्वतःहून शिरायला कष्ट पडले असते, इथे शरीरच त्याला उचलून आत घेतं. आत गेल्यावर तो तिथेच वाढतो, रक्तातला विषाणू वाढतो, दाहक द्रव्यांचा लोंढा येतो. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या साथीत गंभीर डेंग्यूचे १०,००० हून जास्त रुग्ण झाले आणि १५८ जण दगावले. निकाराग्वात लहान मुलांच्या रक्ताचा अनेक वर्षं माग ठेवून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की प्रतिपिंडं भरपूर असलेल्यांना धोका कमी, अजिबात नसलेल्यांनाही कमी, मधल्या पातळीवर असलेल्यांना मात्र सर्वांत जास्त. त्याच वर्षाच्या शेवटी डेंग्व्हाक्सिया या लशीच्या कंपनीनेच जाहीर केलं की आधी डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास पुढे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. लस त्यांच्यासाठी पहिल्या डेंग्यूसारखी वागली होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायची: दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेकांचाही आजार साधाच जातो. ठळक आयजीजी दिसली म्हणजे घाबरायचं नाही, जास्त जवळून लक्ष ठेवायचं.

कोकणात हे का महत्त्वाचं? कारण इथल्या रुग्णाचा पत्ता बघून त्याचा डेंग्यूचा इतिहास कळत नाही. देवगडच्या वाडीत राहणारी चाळिशीची बाई लग्नाआधी लालबागला वाढलेली असते. गुहागरचा मुलगा चार वर्षं डोंबिवलीत खोली करून राहिलेला असतो. तिकडे कधीतरी आलेला तीन दिवसांचा ताप त्यांच्या लक्षातही नसतो, डेंग्यूचे बरेच संसर्ग असेच निमूट होऊन जातात. आयजीजीची रेघ तो विसरलेला ताप दाखवते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत हीच रेघ वेगळ्या कारणाने उमटू शकते. आईची आयजीजी वारेतून बाळाकडे आलेली असते. ती ओसरत ओसरत सहा ते नऊ महिन्यांच्या सुमाराला त्या धोक्याच्या मधल्या पातळीवर येते. म्हणून या वयाच्या बाळाला पहिलाच डेंग्यू असला तरी तो दुसऱ्यासारखा वागू शकतो. अशा बाळाचं कार्ड पॉझिटिव्ह आलं तर घरी ठेवून बघू, हा विचार करू नये.

हाताळणी: इथेच बहुतेक चुका होतात

सर्वांत जास्त दिसणाऱ्या एका रचनेत एनएस-१च्या खिडकीत सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पिवळसर पाण्याचे) ३ थेंब, म्हणजे सुमारे १०० मायक्रोलिटर टाकायचे असतात. आयजीएम-आयजीजीच्या खिडकीत फक्त १० मायक्रोलिटर सीरम आणि त्यावर बफरचे, म्हणजे डब्यातल्या द्रावणाचे, ४ थेंब. निकाल १५ ते २० मिनिटांत वाचायचा. दुसऱ्या कंपनीच्या कार्डात थेंब वेगळे असतात. डबा बदलला की भिंतीवर चिकटवलेली जुनी चिठ्ठी काढून टाका, कारण हात सवयीने जुनेच थेंब टाकत राहतो.

दोन खिडक्यांची मापं दहापटीने वेगळी का, याला कारण आहे. एनएस-१ शोधायला जास्त माल लागतो. आयजीजी मात्र प्रत्येकाच्या रक्तात भरमसाट असते, डेंग्यूची नसलेलीसुद्धा. सीरम जास्त पडलं तर ती इतर आयजीजी पट्टीवरची जागा अडवते, पार्श्वभूमी गुलाबी होते आणि खरी रेघ त्यात बुडते. १० मायक्रोलिटरसाठी मायक्रोपिपेट वापरा. डब्यात येणाऱ्या प्लास्टिकच्या नळीवर खूण असते, पण ती डोळ्यांच्या रेषेत धरूनच भरायची. ड्रॉपर तिरका धरला की थेंब लहान पडतो, बुडबुडा आला तर अर्धाच पडतो. ड्रॉपर सरळ उभा धरायचा आणि पहिला बुडबुड्याचा थेंब बाहेर टाकायचा.

रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत ३ मिली घ्या, अर्धा तास गोठू द्या, मग १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. घाई करून अर्धवट गोठलेलं रक्त फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, तंतू राहतात. ते पट्टीच्या तोंडाशी अडकतात आणि प्रवाह तिथेच थबकतो. वीज नसेल तर संपूर्ण रक्त चालणारं कार्ड घ्या. सगळीच चालत नाहीत, काही फक्त सीरम-प्लाझ्मासाठी असतात. लालसर झालेलं, म्हणजे पेशी फुटलेलं सीरम वापरू नका. फार बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज आणि नळीत दाबून सोडलेलं रक्त ही त्याची नेहमीची कारणं.

आता कंट्रोल रेघ. ‘सी’ची रेघ दोन्ही खिडक्यांत उमटलीच पाहिजे, नाहीतर कार्ड बाद, नवीन घ्यायचं. पण ‘सी’ उमटली म्हणजे सगळं बरोबर झालं असं नाही. बहुतेक कार्डांत ही रेघ पट्टीतल्या सोन्याच्या कणांवरच्या प्रतिपिंडांना पकडते, रुग्णाच्या रक्तातल्या कशालाही नाही. आयजीएमच्या खिडकीत सीरम टाकायला विसरलात आणि नुसता बफर टाकलात, तरी ‘सी’ छान उमटेल आणि रिपोर्ट निगेटिव्ह जाईल. एका वेळी पाचसहा कार्डं मांडली असताना ही चूक सहज होते. उपाय साधा: ज्या खिडकीत सीरम टाकलं तिच्याशेजारी लगेच पेनने ठिपका द्यायचा, मगच बफरला हात लावायचा.

फिकी रेघ हीसुद्धा रेघ. ठरलेल्या वेळेत दिसली तर पॉझिटिव्ह. अर्ध्या तासानंतर उमटलेली राखाडी छाया मात्र मोजायची नाही, ती पट्टी वाळताना मागे सरकलेल्या रंगाची असते. सीरम टाकल्याची वेळ कार्डावर मार्करने लिहा. ट्यूबलाइटखाली वाचा, खिडकीच्या उन्हात नको. ठरलेल्या मिनिटाला फोटो काढून ठेवला तर नंतर वाद राहत नाही.

किनाऱ्यावरची हवा या कार्डाची मोठी वैरी आहे. बहुतेक कार्डं ३० अंशांपर्यंत ठेवायची असतात. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीचं तापमान त्यावर सहज जातं. पावसाळ्यात ऊन नसतं, पण दमट हवा असते. पट्टीचा नायट्रोसेल्युलोजचा कागद पाणी ओढतो. पाकीट फोडून कार्ड पंधरा मिनिटं टेबलावर राहिलं तर सीरम त्यावर एकसारखं चढत नाही, कडेकडेने धावतं आणि रेघ तुटक येते. पाकीट रुग्णाचं सीरम हातात आल्यावरच फोडा. आत सिलिका जेलची पुडी असते, तिच्या कणांचा रंग बदललेला असेल तर ते पाकीट गळकं आहे, कार्ड टाकून द्या. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बंद पाकीट अर्धा तास बाहेर ठेवून मगच फोडा, नाहीतर कार्डावर दव धरतं. औषधाच्या गाडीतून आलेला डबा दुपारभर एसटी स्टँडवर उन्हात पडून होता का, हे घेताना विचारायचं.

सर्वांत महत्त्वाचा आकडा कार्डावर छापलेला नसतो: तापाचा दिवस. ‘दोनतीन दिवस झाले’ यावर थांबू नका. पहिली तापाची गोळी कधी घेतली, त्या दिवशी बाजार होता का, कामावर गेला होता का, असं विचारलं की तारीख निघते. ती रिपोर्टवर लिहा. ‘तापाचा दुसरा दिवस, आयजीएम निगेटिव्ह’ आणि ‘तापाचा आठवा दिवस, आयजीएम निगेटिव्ह’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

कार्ड जे सांगत नाही

कार्ड आजाराचं नाव सांगतं, तीव्रता सांगत नाही. डेंग्यूतला धोक्याचा काळ ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तोपर्यंत विषाणू कमी होत आलेला असतो आणि प्रतिकारशक्तीचा जोर शिखरावर असतो. दाहक द्रव्यं आणि स्वतः एनएस-१ रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर सैल करतात. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर, पोटात आणि छातीत झिरपतं. ही गळती २४ ते ४८ तास चालते. घरचे मात्र ताप उतरला म्हणून निश्चिंत झालेले असतात.

यासाठी कार्डाबरोबर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हवीच, आणि तापाच्या तिसऱ्या दिवसापासून रोज. रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर प्लेटलेट्सवर जाते. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, असतो, तो आधी बघा. मूळचा ४० असलेला हिमॅटोक्रिट ४८ वर गेला, म्हणजे २० टक्के वाढला, तर रक्त घट्ट होतंय, गळती चालू आहे. प्लेटलेट्स ६०,००० आणि हिमॅटोक्रिट स्थिर असलेल्या रुग्णापेक्षा प्लेटलेट्स ९०,००० आणि हिमॅटोक्रिट चढत असलेला रुग्ण जास्त काळजीचा. प्लेटलेट्स कमी होतात कारण अस्थिमज्जा काही दिवस मंदावते आणि रक्तातल्या प्लेटलेट्सही प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यात नष्ट होतात. आजार उतरला की त्या आपोआप चढतात.

पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, फार सुस्ती किंवा तगमग यांपैकी काही दिसलं तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. अंगदुखीवर कमरेत डायक्लोचं इंजेक्शन मागून घ्यायची सवय अजून गेलेली नाही, डेंग्यूत ती घातक ठरू शकते. पेज, ओआरएस, शहाळं थोडंथोडं सतत चालू ठेवावं.

निगेटिव्ह कार्डाचा आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. भातलावणी आणि बेणणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं असेल तर डेंग्यू कार्डाच्या निकालावर लेप्टोचा उपचार अडवून ठेवू नये. लेप्टोत आणि मलेरियात डेंग्यूची आयजीएम रेघ चुकून फिकी उमटल्याचीही उदाहरणं आहेत. दोडामार्ग-सावंतवाडी भागात काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, जंगलात जाऊन आलेल्याला ताप आला तर माकडतापाचा विचार आधी. तो विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, पण गोचिडीतून येणारा, आणि त्याच्यासाठी हे कार्ड नाही.

पक्क्या निदानासाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणीच. आयजीएमच्या एलायझाचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते आणि सरकारी देखरेख रुग्णालयांना ते पुरवले जातात. सरकारी हिशेबात कार्डावर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण ‘संभाव्य’च राहतो, एलायझा पॉझिटिव्ह आला की ‘निश्चित’. म्हणून कार्ड पॉझिटिव्ह आलं की उरलेलं सीरम फेकू नका. २ ते ८ अंशांवर बर्फाच्या डब्यात, तापाच्या दिवसाची नोंद करून, प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत पुढे पाठवा. पाचव्या दिवसाच्या आत घेतलेलं सीरम असेल तर एनएस-१ची एलायझा मागा, नंतरचं असेल तर आयजीएमची. कार्ड निगेटिव्ह आणि संशय कायम असेल तर दोनतीन दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचं.

कोणी घ्यावं, किती घ्यावं

दिवसाला दोनचार तापाचे रुग्ण बघणाऱ्या दवाखान्याने १० कार्डांचा डबा घ्यावा, २५चा नाही. हंगाम संपल्यावर उरलेली कार्डं मेच्या उकाड्यात खराब होतात आणि जूनमध्ये तीच पहिल्यांदा वापरली जातात. खरेदी जुलैच्या शेवटी करावी, मुदत निदान पुढच्या मार्चपर्यंतची बघून. घरी ठेवायला हे कार्ड घेऊ नये. बोट टोचून रेघ उमटवता येईल, पण दिवस धरून वाचणं आणि सोबतची सीबीसी घरी होत नाही. डबा आला की पहिल्या दिवशीच त्यातलं एक कार्ड आधी एलायझाने पॉझिटिव्ह ठरलेल्या, गोठवून ठेवलेल्या सीरमवर चालवून बघा आणि दुसरं निगेटिव्ह सीरमवर. दोन कार्डं खर्ची पडतात, पण रेघ अपेक्षेप्रमाणे आली नाही तर उरलेला डबा त्याच आठवड्यात विक्रेत्याला परत करता येतो.